ओंबील की काडी

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी किडा म्हटलं ते बिरवाडीत, भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा. म्हणणारी बाई माझी घरमालकीण होणार होती. पुढे साडेचार वर्षं मी तिच्याकडे राहिलो आणि त्यातली निदान चार तिच्याशी भांडण्यात घालवली. भांडण म्हणजे बोलायचो मी एकटाच. ती कोयती घेऊन पेरूची फांदी छाटत असायची.

तेव्हा मला महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. घर तुडीलला. अंतर तसं फार नाही, पण शिफ्ट सुटायची वेळ आणि गाडीची वेळ यांचं कधी जमलं नाही, म्हणून बिरवाडीत खोली घ्यायचं ठरलं. कंपन्यांतली पोरं सगळी तिथेच राहतात, त्यामुळे खोल्या मिळायची मारामार. कॅन्टीनमधल्या एकानं सांगितलं, "शेवटच्या आळीत एक मावशी आहे, तिच्याकडे एक तरी खोली रिकामी असतेच." सगळं गाव भरलेलं असताना हिच्याचकडे खोली रिकामी का, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही.

मावशी अंगणात होती. साठीच्या आसपासची, काटकुळी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. मी नमस्कार केला. तिनं जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, कुठल्या कंपनीत, लग्न झालंय का, दारू पितोस का, काही म्हणजे काही विचारलं नाही. "त्या आंब्याखाली उभा ऱ्हा जरा, आले मी," म्हणाली आणि घरात गेली.

मी उभा राहिलो. दोन मिनिटांत पँटच्या आतून काहीतरी वर चढायला लागलं. ओंबील होते. ओंबील म्हणजे आंब्या-फणसावरच्या त्या तांबड्या मुंग्या, पानाला पान जोडून चेंडूएवढं घरटं शिवतात त्या. ज्याला चावलेत त्याला वेगळं सांगायला नको, आणि ज्याला चावले नाहीत त्याला सांगून उपयोग नाही. एक मानेवर, दोन पोटरीवर, एक नको तिथे. पण खोली मागायला आलेल्या माणसानं परक्या बाईच्या अंगणात नाचायचं कसं? मी दात आवळून, हात बांधून, आरतीला उभं राहावं तसा उभा राहिलो. मावशी खिडकीतून हे सगळं बघत होती. बाहेर आली, माझ्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाली, "काडी हायस तू. पेरूकडची खोली घे."

ती परीक्षा होती हे मला आठ दिवसांनी शेजारच्या पोरांकडून कळलं. आंब्याखाली उभं केल्यावर जो ओरडतो, उड्या मारतो, हाका मारून आणखी दोघांना गोळा करतो, तो ओंबील. जो गप्प राहतो तो काडी. मी गप्प राहिलो होतो तो सभ्यपणा म्हणून. हे मी तिला पुढे किती वेळा समजावून सांगितलं असेल याची गणती नाही. ती म्हणायची, "सभ्यपणा काय नि काडीपणा काय, एकच हाय ते."

काडी म्हणजे काडीकिडा. कारवीच्या रानात असतो. वीतभर लांब, सुतळीएवढा जाड, आणि हुबेहूब वाळलेल्या फाटीसारखा. समोर असला तरी दिसत नाही. मावशीचं माहेर पोलादपूरच्या वर, एसटी जिथे पोचत नाही अशा डोंगरातल्या वाडीत, आणि तिकडून एकदा जळणाची मोळी खाली आणली तिच्यातून हे प्राणी आले. मोळी पेरूला टेकवून ठेवली होती, ते पेरूवर चढले आणि राहिले. दुसऱ्या कुणी झटकून टाकले असते. हिनं त्यांना घरच दिलं.

आता अंगणाचा नकाशा सांगतो, कारण माझी सगळी दुर्दशा त्या नकाशातच आहे. एका अंगाला आंबा आणि फणस. त्या बाजूला सहा खोल्या, ऐसपैस, प्रत्येकीला मोरी आणि मोरीत नळ. दुसऱ्या अंगाला पेरू. त्या बाजूला दोन खोल्या, खुराड्याएवढ्या, नळ नाही, पाण्याचा हंडा अंगण ओलांडून भरून आणायचा. आंब्यावर ओंबील, म्हणून आंब्याच्या बाजूला ओंबील माणसं, चार-चार जण एका खोलीत, एकत्र जेवण, एकत्र क्रिकेट, एकाला ताप आला तर चौघांची सुट्टी. पेरूच्या बाजूला मी आणि एक अकाउंटंट. तो अकाउंटंट दोन वर्षांत माझ्याशी एकदाच बोलला, तेव्हा त्यानं विचारलं की तुमच्या खोलीत कुणी राहतं का.

ओंबील काडीला खातात. फाडून खातात. म्हणून त्या दोन झाडांची एकमेकांना फांदी लागू नये, पान लागू नये, हे मावशीच्या आयुष्याचं काम होतं. रोज सकाळी कोयती घेऊन ती अंगणाच्या मध्ये उभी राहायची, वर बघायची आणि दोन बोटं इकडची, दोन बोटं तिकडची फांदी उडवायची. पेरूच्या बुंध्याला जळक्या ऑईलची चिंधी बांधलेली, ती दर आठवड्याला बदलायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, एवढा जीव काढण्यापेक्षा एक झाड तोडून टाका की." ती म्हणाली, "कंचं?" मी म्हटलं, "कुठलंही." तर म्हणाली, "तुला दोन डोळे हायत ना, मग एक काढ बघू आधी." मग मी गप्प बसलो, आणि गप्प बसलो की ती काडी म्हणायची, म्हणून परत बोलायला लागलो.

तिला जगात दोनच प्रकारची माणसं दिसायची. डॉक्टर काडी, कंपाउंडर ओंबील. एसटीचा ड्रायव्हर काडी, कंडक्टर ओंबील. टीव्हीवर बातम्या देणारी बाई ओंबील, आणि तिच्यासमोर बसून एकाच वेळी बोलणारे चौघे त्याच घरट्यातले. एकदा पोस्टमन नवीन आला तर त्यालाही आंब्याखाली उभा केला. बिचारा सरकारी माणूस, पत्रं तिथेच टाकून पळाला, आणि मावशीनं त्याच्या पाठीकडे बघत निकाल दिला, "हा दोन्ही नाय, हा डास." तिच्या हिशोबात तिसरा प्रकार मी तेवढा एकदाच ऐकला.

दोघांत चांगला कोण, हे मात्र तिला विचारायचं नाही. मी विचारलं होतं. "चांगला-वाईट कसला रे?" ती म्हणाली. "किडे हायत ते, काय निवडणुकीला उभे हायत? ओंबील चावतो म्हणून जगतो, काडी दिसत नाय म्हणून जगते. ओंबील एकटा दिसला तर समज वाट चुकलाय. काड्या दोन एका फांदीवर असल्या तरी एकमेकीला वळखत नायत. ज्याचं त्याचं." मग मी म्हटलं, "आणि तुम्ही कोण?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिचं वय विचारलं. म्हणाली, "मी घरमालकीण."

फणसापासून आंब्यापर्यंत तिनं एक सुतळी ताणून बांधलेली होती, छातीएवढ्या उंचीवर. वाडीत तिचे वडील आंब्यावर मुद्दाम ओंबील वसवायचे, म्हणजे मोहोराकडे दुसरा किडा फिरकत नाही, आणि एका झाडाचे दुसऱ्या झाडावर जावेत म्हणून मध्ये वेल बांधून द्यायचे. वेलीची सुतळी झाली एवढंच. पण हे नवीन भाडेकरूला कोण सांगणार? अंगणात सुतळी ताणलेली, ऊन चांगलं, माणूस कपडे वाळत घालणारच. प्रत्येक नवा भाडेकरू घालायचा आणि मावशी प्रत्येकाला घालू द्यायची. मी माझा लॅबचा पांढरा कोट घातला. दुसऱ्या दिवशी बाहेरून तपासणीला माणसं आलेली, मी त्यांच्यासमोर पिपेट धरून उभा, आणि काखेत पहिला चावा बसला. मी पिपेट खाली ठेवलं आणि नाचलो. साहेबांनी नंतर केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, फिट वगैरे येतात का, लपवू नकोस.

संध्याकाळी मी मावशीला जाब विचारला. "सांगायचं नाही का, की ती ओंबिलांची वाट आहे म्हणून?" ती तांदूळ निवडत होती. "लोकांच्या वाटेवर चड्ड्या कोण वाळत घालतं रे?" म्हणाली.

तर मी म्हटलं, जाऊ दे, आपण आपली वेगळी दोरी बांधू. आणि बांधली. नायलॉनची, नवी, महाडच्या बाजारातून आणलेली. एक टोक माझ्या दाराशी पेरूच्या फांदीला आणि दुसरं टोक, समोर दुसरं काही नव्हतं म्हणून, आंब्याच्या बाजूच्या ओसरीच्या खांबाला. खांबावर आंब्याची एक डहाळी टेकलेली होती, तिकडे माझं लक्षच गेलं नाही. रविवार होता, मावशी बाजाराला पोलादपूरला गेलेली. मी चादर वाळत घातली आणि जेवून झोपलो.

उठून बाहेर आलो तर माझ्या दोरीवरून तांबडी रांग चाललेली. जाताना रिकामी, येताना काहीतरी उचलून. पाय. नुसते लांब लांब बारीक पाय, आणि वाळक्या फाटीसारखे तुकडे. पेरूवर एक काडी होती, तिला वीस-पंचवीस जणांनी धरलं होतं, चारी बाजूंनी ताणून. ती हलत नव्हती. तिला अजूनही वाटत होतं की हललं नाही तर दिसणार नाही. मी दोरी कापली, पाणी ओतलं, हातानं ओंबील चिरडले, चावून घेतलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मावशी आली, पिशवी खाली ठेवली आणि पेरूखाली बसली. मी आयुष्यात कुणाची बोलणी खायला इतका तयार कधीच नव्हतो. ती पाचोळ्यात पडलेले पाय एकेक करून वेचत होती. मी म्हटलं, "मावशी, फवारा मारू का आंब्यावर?" तेव्हा मात्र वर बघितलं. "ओंबिलाचं काय चुकलं? त्याला वाट मिळाली, तो गेला. काडीचं काय चुकलं? ती बसली होती. ज्यानं वाट बांधली त्याला नको का बघायला, कुणाच्या घरात जाते ती?" मग तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी हुकूम आला, पेरूखाली झाडू मारायचा नाही. काडीची अंडी वरून टपटप खाली पडतात, बी पडावं तशी, आणि आई मागे वळून बघत नाही. सात-आठ महिने माझ्या दारात पाचोळ्याचा ढीग, त्यात घुशी, आणि मी तो ओलांडून कामाला जायचो. अपराधी होतो म्हणून गप्प. पुढच्या वर्षी त्यातून सुईएवढ्या काड्या वर चढल्या, तेव्हा कुठे झाडू हातात मिळाला.

एवढं सगळं होऊनही मी ते गमतीवारी नेलं असतं. पण माझं लग्न झालं, आणि मग गंमत राहिली नाही.

बायको दासगावची. लग्न करून तुडीलला आली. आमच्या घरात अकरा माणसं. आई-वडील, आजी, दोन काका-काकू, त्यांची मुलं, माझा धाकटा भाऊ. मी आठवड्याला एक दिवस जायचो. जेवायचो, झोपायचो, सकाळची गाडी. बायको स्वयंपाकघरात असायची, तिच्याशी बोलायचं म्हणजे पाणी मागायच्या निमित्तानं. तिला इकडे आणायची तर पेरूकडच्या खुराड्यात कशी आणणार? मोठी खोली पाहिजे. आंब्याकडची. शिवाय मोठी खोली झाली की भावाला एमआयडीसीत चिकटवता येईल, तो राहील. आईचे गुडघे दुखतात, महाडच्या डॉक्टरकडे यायला तिला बरं. काकाची मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला, तिचीही सोय. मी सगळा विचार केला होता. तुडीलला जाहीरही करून टाकलं होतं. आंब्याकडची एक खोली रिकामी झाली तसा मी मावशीपुढे जाऊन उभा राहिलो.

"नाय," ती म्हणाली.

"का नाही?"

"काडीला तिकडं ठेवलं तर काय होतं ते बघितलंस ना? का परत बघायचंय?"

मी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. नंतर म्हटलं, हिला ओंबीलच पाहिजे ना, मग होऊन दाखवतो. मी सत्यनारायण घातला, अख्ख्या चाळीला प्रसाद. क्रिकेटच्या टीममध्ये शिरलो, मला चेंडू लागला तरी खेळलो. पाणी कमी येतं म्हणून सहा खोल्यांतली पोरं गोळा करून ग्रामपंचायतीवर नेली आणि सगळ्यांत पुढे राहून बोललो. परत आलो तेव्हा मावशी दारातच होती. मोठ्या आशेनं म्हटलं, "बघितलंत ना?" ती म्हणाली, "बघितलं. वारा आला की काडीपण हलते. फांदी हलते तशी ती हलते, मंजे कुणाला कळू नये. वारा पडला की थांबते."

खोटं नव्हतं ते, हा खरा त्रास. पण इतका संताप आला की त्या दिवशी मी बिरवाडीत दुसरी खोली शोधायला बाहेर पडलो. चार दिवस फिरलो. मिळाली नाही. अशी दोन वर्षं गेली. खोली रिकामी व्हायची, मी मागायचो, ती नाही म्हणायची, खोली कुणा ओंबिलाला जायची. तुडीलला आई विचारायची, कधी होतंय रे. भाऊ विचारायचा. काका विचारायचे. बायको विचारायची नाही. मीच सांगायचो, बघ, म्हातारी अडून बसलीय. ती म्हणायची, "तुमची सोय होईल तसं." इतकी शहाणी बायको मिळाली म्हणून मी मित्रांत तिचं कौतुक करायचो.

मग एकदा मी निकरावर आलो. आंब्याकडची कोपऱ्यातली खोली रिकामी झाली, ती सगळ्यांत मोठी. मी मावशीला म्हटलं, "या वेळी नाही म्हणालात तर मी नोकरी सोडून तुडीलला जातो. तुमच्या दोन किड्यांपायी माझा संसार उभा राहत नाही, तिकडे माझी बायको वाट बघतेय." खरंच सोडली असती का, कोण जाणे. पण आवाज चढला होता.

मावशीनं कोयती खाली ठेवली. "बायको आणलीस का कधी इथं?"

"आणू कुठे? खोली द्या, मग आणतो."

"घेऊन ये तिला. बघते मी."

मला तो कळस वाटला. बायकोला आम्ही रीतसर बघून आणलेली, आता परत घरमालकीण बघणार, आणि तेही आंब्याखाली उभी करून. पण दुसरा मार्ग नव्हता. पुढच्या सुट्टीला तिला घेऊन आलो. गाडीत तिला सगळं पढवलं. आंब्याखाली उभी राहा म्हणाली की गप्प राहायचं नाही, ओरडायचं, उड्या मारायच्या, मला हाका मारायच्या. ती खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होती.

मावशीनं तिला आंब्याखाली उभी केलीच नाही. मी दोन मिनिटं तिथे बायकोला पुढे ढकलून उभा होतो, तर म्हणाली, "तिला कशाला त्रास? चहा पितेस गो?" बाहेरच चहा झाला. मावशीनं विचारलं, "सासरी माणसं किती?" बायको म्हणाली, "अकरा." मावशी म्हणाली, "माझ्या सासरी चौदा होती." एवढंच. मग दोघी उठून आंब्याच्या खालच्या फांदीपाशी गेल्या, तिथे ओंबील नवं घरटं शिवत होते. मीही मागोमाग गेलो, कारण निकाल तिथेच लागणार होता.

मावशी दाखवत होती. एक रांग एका पानाची कड धरून बसलेली, दुसऱ्या पानाची कड ओढून जवळ आणलेली. वरून एक ओंबील आला, त्याच्या तोंडात तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी. तिचं तोंड त्यानं या पानाला टेकवलं, मग त्या पानाला, परत याला, परत त्याला. नीट बघितलं तर मध्ये पांढरा धागा दिसत होता.

"मोठ्या ओंबिलाकडं धागा नसतो," मावशी म्हणाली. "पोराच्या तोंडातला काढतात. अख्खं घर त्या धाग्यावर."

चार वर्षं मी त्या झाडाखाली काढली होती आणि हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मला बायकोचं तोंड दिसत नव्हतं. तिनं विचारलं, "आणि तिला स्वतःला?"

"नाय उरत. दुसऱ्या जातीच्या मुंग्यांच्या अळ्या स्वतःला कोष करतात, त्यात झोपतात. ही उघडीच ऱ्हाते. तशीच मोठी होते. मग तीपण दुसरीचं पोर तोंडात धरते."

बायको बराच वेळ बघत राहिली. मी घड्याळ बघत होतो. मग ती वळली आणि मावशीला म्हणाली, "मला पेरूकडचीच खोली चालेल."

मला वाटलं, हिला समजलं नाही. "अगं, ती एकट्याची खोली आहे. मी सांगितलं नव्हतं का, कोपऱ्यातली मोठी..."

"दोघांना पुरेल."

"नळ नाही तिकडे."

"मी आणीन पाणी," ती म्हणाली. आणि मग, आमच्या लग्नाला अडीच वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा माझ्याशी सलग चार वाक्यं बोलली. "तुम्ही मोठी खोली घेतलीत की सहा महिन्यांत सगळं घर इथे येईल. वाईट नाहीत कुणी, मला कुणी वाईट वागवत नाही. पण मी तिथे जे करते तेच इथे करणार, फक्त नळाचं पाणी असेल. त्यापेक्षा मी तुडीललाच बरी."

मला आधी राग आला. मावशीचा, मग बायकोचा. मी कुणासाठी चालवली होती ही सगळी धडपड? सत्यनारायण काय, ग्रामपंचायत काय. आणि मग लाज वाटली, कारण उत्तर समोर होतं. अडीच वर्षांत मी तिला कुठली खोली हवी हे विचारलं नव्हतं. हवी का, हेही नाही. मावशीनं तरी माणसं किती एवढं विचारलं होतं.

मी काही बोलणार तोच आईचा फोन आला. भावाची बॅग भरून तयार होती, खोलीचं काय झालं ते विचारायला. फोनवर आई जोरात बोलते, स्पीकर लावावाच लागत नाही. "झालं का रे नक्की?" मागे कुकरची शिट्टी, काकांच्या मुलांचा गोंगाट. मी सवयीनं म्हणालो, "नाही गं, ही मावशी परत नाही म्हणते..."

बायकोनं हात पुढे केला. मी फोन दिला.

"आई, खोली मिळाली," ती म्हणाली. "पण लहान आहे. आमच्या दोघांपुरतीच."

मग आई म्हणाली, "हे कोण म्हणतंय? तो का तू?"

"मीच म्हणतेय."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. आईनं तिथल्या कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं, आणि मग तिचा आवाज आला, एवढा हळू आवाज तिचा मी फोनवर कधी ऐकला नव्हता. "बरं केलंस गो. मला नाय कधी म्हणता आलं."

मी मावशीकडे बघितलं. आता ही माझ्या आईलाही कुठल्या तरी किड्यात बसवणार, आणि या वेळी मी ऐकून घेणार नव्हतो, शब्दही तोंडात तयार होते. पण मावशीनं काही ठरवलं नाही. ती पुढे आली, बायकोच्या हातातल्या फोनजवळ वाकली आणि म्हणाली, "तिला म्हणावं, तूपण ये. आठ दिस ऱ्हा. एकटीच ये."